रिकाम्या हातांनी जायचं घर

“आम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. तिथे जाऊन आम्ही करणार काय?” कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काहीतरी करावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांतल्या बहुतेकांचं पाऊल या प्रश्नापाशी अडतं. कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत, जिथे पाहुणचार म्हणजे आधी ताट, तिथे याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: “आणि जायचं तर रिकाम्या हातांनी कसं जायचं? निदान सुरमईचं कालवण तरी न्यावं ना?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: कालवण नेऊ नका. का नेऊ नये, हे कळलं की पहिल्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर मिळतं. पण त्याआधी ही मुलं आणि त्यांचे आईबाप मुंबईत राहतात कुठे, ते पाहू.

1. उपचार परळला, मुक्काम कुठे?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते उभारलं आणि 1962 मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. इथल्या बालकॅन्सर विभागात दरवर्षी दोन हजारांच्या आसपास नवी मुलं येतात. काही यवतमाळ, बीड, नंदुरबारकडची. पुष्कळशी बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधली.

बाहेरच्यांचा एक समज असा, की कॅन्सरचा रुग्ण म्हणजे महिनोन् महिने खाटेवर. प्रत्यक्षात मुलांची बरीचशी केमो डे केअरमध्ये होते. सकाळी जायचं, रक्त तपासायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं, संध्याकाळी परत. परत म्हणजे कुठे, हा खरा पेच. बीडच्या माणसाला रोज बीडला जाता येत नाही. मुंबईत भाड्याची खोली परवडत नाही, आणि परवडली तरी कॅन्सरचं मूल म्हटल्यावर घरमालक मागे सरतो. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर पथारी टाकलेली कुटुंबं परळकरांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

या पेचावर महाराष्ट्राचं जुनं उत्तर म्हणजे धर्मशाळा. गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण राहतात. परळची नाना पालकर स्मृती समितीही बाहेरगावच्या रुग्णांसाठी अशीच जुनी सोय. फक्त मुलांचा विचार करून घर उभं राहिलं ते 2006 मध्ये. श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने लोअर परळला आठ कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर सुरू केलं. पुढे कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती दुरुस्त करून तिथे मोठी वसाहत झाली, आणि मुंबईबाहेरही केंद्रं निघाली. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, पण त्यात प्रत्येक आईची शेगडी आणि कपाट वेगळं, बसायला, खेळायला, शिकायला सामाईक जागा, आणि राहण्याचे पैसे नाहीत.

मला या रचनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते त्या वेगळ्या शेगडीचं. तयार जेवणाची पंगत घालणं संस्थेला स्वस्त आणि सोपं पडलं असतं. पण ज्या बाईच्या हातातून शेत, घर, शेजार, सगळं सुटलंय, तिच्या हाती निदान तिची फोडणी राहते, आणि मुलाला ओळखीच्या चवीचा घास मिळतो.

2. तिकडे सुट्टी, इकडे घर

परदेशात कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी डोंगरात, तळ्याकाठी शिबिरं भरतात. नट पॉल न्यूमन यांनी 1988 मध्ये अमेरिकेत कनेटिकटमधल्या ॲशफर्डला काढलेलं शिबिर त्यात नावाजलेलं आहे. मुलांनी तिथे घोड्यावर बसायचं, मासे धरायचे, दंगा करायचा; डॉक्टर-नर्स जवळच, पण नजरेआड. काही दिवस मुलांचे, काही शनिवार-रविवार अख्ख्या कुटुंबाचे. आयर्लंडमध्ये बॅरेट्सटाउनला 1994 मध्ये त्याच धर्तीवर शिबिर सुरू झालं. या साऱ्याचा डोलारा स्वयंसेवकांवर उभा असतो.

असं शिबिर आपल्याकडे का नको? जरूर हवं. पण फरक लक्षात घ्या. तिकडचं मूल बहुधा आपल्या घरी राहून उपचार घेतं, त्यामुळे त्याच्या घरच्यांना चार दिवस त्या घरातून बाहेर पडण्याची गरज असते. आपल्याकडचं कुटुंब आधीच घराबाहेर फेकलं गेलेलं असतं. त्याला आणखी कुठे नेण्यापेक्षा आहे तिथेच घरासारखी एक दुपार मिळणं जास्त मोलाचं. तळ्याकाठच्या शिबिरात जे घडतं, ते आपल्याला कॉटन ग्रीनच्या बैठकीच्या खोलीत घडवायचं आहे. म्हणून इथल्या स्वयंसेवकाचं काम साधं दिसतं, फोटोत येत नाही, आणि आठवड्याच्या आठवड्याला करावं लागतं.

3. बरं दिसणं आणि बरं होणं

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही ‘एएलएल’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिला महिना जोराचा. पुढचे सहा-आठ महिने कडक. मग रोजच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या, ज्या बऱ्याचदा गावाकडे राहून जमतात.

गोम पहिल्या महिन्यानंतर आहे. बहुतेक मुलं तेव्हा टवटवीत दिसू लागतात. ताप नाही, गाठी नाहीत, तपासणीत रोग दिसत नाही. बाप म्हणतो, झालं, पोरगं बरं झालं. पेरणी तोंडावर आहे, चला गावी.

आता हिशेब करू. रोग कळतो तेव्हा अशा मुलाच्या अंगात कॅन्सरच्या एक लाख कोटीपर्यंत पेशी असू शकतात. समजा, पहिल्या महिन्यात औषधाने शंभरातल्या नव्व्याण्णव मारल्या. उरला एक टक्का. लाख कोटीचा एक टक्का म्हणजे हजार कोटी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहज हाती लागत नाहीत, मूल पळतं-खेळतं, आणि आत हजार कोटी पेशी दबा धरून असतात. इथे उपचार सोडले तर रोग उलटतो, आणि उलटलेला रोग पहिल्यापेक्षा चिवट असतो.

उपचार अर्ध्यावर सुटण्याची कारणं बहुतेक वेळा औषधाशी संबंधित नसतातच. राहायला जागा नाही, मजुरी बुडते, गावाकडे दुसरं मूल आजीपाशी रडतंय, घरातलं कोणी म्हणतं की आता देवऋषी बघू. टाटाच्या बालविभागाने हे ओळखून राहणं, खाणं, पैसे, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाला फोन करून बोलावणं, असं सगळं एकत्र बांधलं. 2009 मध्ये तिथली सुमारे 20 टक्के मुलं उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आलं. औषधं जगभर साधारण तीच आहेत. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि अनेक गरीब देशांत 30 टक्केही होत नाहीत. या दरीत निदानाला झालेला उशीर, औषधांचा तुटवडा हे आहेच. पण अर्धवट सुटलेले उपचारही आहेत. तेव्हा राहण्याच्या जागी जाऊन एखाद्या आईला अजून एक आठवडा टिकून राहायला मदत करणारा माणूस उपचारांच्या बाहेरचा नसतो.

4. काउंट म्हणजे काय?

या घरांत दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे काउंट. “आज काउंट कमी आहेत, बाहेर खेळायला येणार नाही.” स्वयंसेवकाला हा शब्द कळलाच पाहिजे.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढतात, तशाच केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतही असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि पांढऱ्या पेशी घटतात. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडतात. काउंट म्हणजे मुख्यतः त्यांची संख्या. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी 1,200 आणि न्यूट्रोफिल 25 टक्के असं लिहिलं असेल, तर 1,200 चे 25 टक्के म्हणजे 300. साधारणपणे 1,500 च्या वर असलेलं बरं. 500 च्या खाली धोका. तेव्हा 300 काउंटच्या मुलाला तुमची साधी सर्दीही महागात पडते. अशा मुलाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर ‘उद्या बघू’ चालत नाही. रात्र असो की पाऊस, तडक हॉस्पिटल.

कोळीवाड्यातल्या माणसाला हे भरती-ओहोटीसारखं समजेल. पुष्कळशा औषधांनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत काउंट तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला चढू लागतात. ओहोटीला नाखवा होडी काढायची घाई करत नाही, पाण्याची वाट बघतो. काउंट खाली असताना या घरातही मुलाला खोलीतच ठेवायचं, गर्दी टाळायची, चढले की मग मोकळं सोडायचं.

आता कालवणाकडे येऊ. बाहेरचं अन्न कुणी, किती वेळापूर्वी, कोणत्या पाण्याने केलं, ते माहीत नसतं. म्हणून अशा घरांत ताजं, पूर्ण शिजलेलं, तिथेच रांधलेलं अन्न आणि उकळलेलं पाणी यावर भर असतो. तोंड वाकडं करून ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणू नये. फुलं, कुंडीतली झाडं आणि वापरलेली केसाळ खेळणीही याच कारणाने नकोत. आपल्या घरात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला असेल तर जायचं नाही, आणि आधीच जाऊन आला असाल तर लाजेखातर गप्प न बसता त्याच दिवशी कळवायचं; अशा मुलाला बचावाचं औषध वेळेत द्यावं लागतं. हात मात्र साबणाने धुतलेले हवेत, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या शक्यतो काढलेल्या. असे रिकामे हात इथे चालतात, नव्हे, तेच लागतात.

5. मग करायचं काय?

मच्छीमार नगरातून निघून सीएसएमटी गाठायचं आणि हार्बरने कॉटन ग्रीनला उतरायचं, फार तर तासाभराचं अंतर. प्रवास अवघड नाही. अवघड आहे तो दर आठवड्याचा एकच वार पाळणं.

या मुलांच्या आयुष्यात अचानक येणाऱ्या माणसांची कमतरता नसते. नाताळात येतात, 15 फेब्रुवारीच्या आंतरराष्ट्रीय बालकॅन्सर दिनाला येतात, कंपनीच्या मालकाच्या वाढदिवसाला केक घेऊन येतात. गाणी होतात, टाळ्या होतात, फोटो होतात, आणि मुलं दमून झोपतात. मला हे प्रकार फारसे आवडत नाहीत. निर्मळ मनाने केलेले असतात, मान्य. पण यातून मूल एवढंच शिकतं की माणसं येतात आणि परत दिसत नाहीत. त्यापेक्षा दर मंगळवारी तीन वाजता येऊन सापशिडीचा पट मांडणारी, कंटाळवाणी वाटेल इतकी नेमाने येणारी मावशी हजार पटीने बरी. आधी फक्त सहा महिन्यांचा शब्द द्या, आणि पाळा. एखाद्या मंगळवारी जमणार नसेल तर आदल्या मंगळवारीच मुलाला सांगा.

खेळात मुलाचं ऐकायचं, कारण बाकी दिवसभर त्याचं कोणी ऐकत नाही. सुई कधी, गोळी कधी, उपाशी कधी राहायचं, सगळं मोठे ठरवतात. पुष्कळ मुलांना डॉक्टर-डॉक्टर खेळायचं असतं आणि सुई तुम्हाला टोचायची असते. टोचून घ्या. थोडं ओरडा. भीती बाहेर काढायची मुलांची ही जुनीच वाट आहे. कॅरममध्ये मुद्दाम हरू नका. आठ वर्षांच्या मुलाला दया लगेच ओळखू येते.

बारकावे हळूहळू कळतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्टेरॉइड चालू असलं की मुलाला मध्यरात्रीही भूक लागते, चेहरा गोल होतो आणि ते विनाकारण चिडतं. तो हट्टीपणा नसतो, औषध असतं. व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने पाऊल लुळं पडू शकतं, म्हणून पळापळीऐवजी बैठे खेळ. डोळ्याच्या कॅन्सरमुळे एक डोळा काढलेल्या मुलाच्या दिसत्या बाजूला बसावं. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी मूल उपाशी असतं, तेव्हा त्याच्यासमोर बिस्किटाचा पुडा फोडू नये. दंडात नळी बसवलेली असेल तर त्या हाताला धरून ओढू नये. हे सारं तिथे काम करणारी ताई समजावते. वहीत टिपून घ्यायला लाज नको.

पण माझ्या मते स्वयंसेवकाचं निम्मं काम मुलासाठी नसतंच, आईसाठी असतं. ती पहाटे उठलेली असते, हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिलेली असते, आणि मूल जागं असेपर्यंत तिला पाठ टेकता येत नाही. तुम्ही दोन तास मुलापाशी बसलात की ती केस धुते, झोपते, गावाला निवांत फोन करते. एखादीला काहीच करायचं नसतं. नुसतं भिंतीला टेकून बसायचं असतं. बसू द्यावं.

वाचता-लिहिता येत असेल तर आणखी एक काम आहे. मराठवाड्यातून आलेल्या बाईला महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्ड, आधारमधलं चुकलेलं नाव, हे सगळं एकटीने निस्तरायचं असतं. रेल्वेचंच घ्या. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. पण त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला ठरावीक नमुन्यात लागतो. हे माहीत नसलेली कुटुंबं पूर्ण भाडं भरून येतात. तो दाखला मिळवायला एखादीला सोबत करणं, हे केकपेक्षा मोठं काम.

भावंडांना विसरू नका. आजारी मुलाबरोबर धाकटी बहीण आली असेल, तर सगळी खेळणी, सगळे लाड दादाकडे जातात आणि ती दाराआडून बघत राहते. तिचं नाव आधी विचारा.

6. काय बोलू नये

“कसा काय झाला हो याला?” हा प्रश्न तोंडातून निघतोच. आवरा. बालपणीच्या कॅन्सरमागे तंबाखू, दारू, खाणंपिणं अशी कारणं सहसा नसतात. पेशी वाढताना त्यांच्या आत झालेला बिघाड असतो. आनुवंशिक दोष सुमारे दहा टक्के मुलांतच सापडतो. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. पण आईला मात्र घरच्यांनी आधीच ऐकवलेलं असतं की तू ग्रहणात भाजी चिरलीस, तुझ्याच माहेरचं काहीतरी असणार. तुमचा सहज प्रश्न तिला त्याच आरोपासारखा ऐकू येतो.

“सगळं नीट होईल” हेही नको. तुम्हाला ते माहीत नाही, आणि तिला कळतं की तुम्हाला माहीत नाही. आयुर्वेद, गोमूत्र, शेजारच्याच्या मामाला लागू पडलेली मुळी, यांबद्दल एक अक्षर काढू नये. रिपोर्टचा अर्थ सांगू नये, अगदी कळला तरी. मग बोलायचं काय? गाव कुठलं, पाऊस पडला का, तिकडे कालवणाला काय म्हणतात, लेकाला काय आवडतं. फोटो अजिबात काढू नये. आईने हो म्हटलं तरी नाही, कारण ज्याच्याकडून मदत मिळते त्याला नाही म्हणणं तिला जड जातं.

आणि कधी एखादं मूल नेहमीच्या जागी दिसणार नाही. गावी गेलं असेल, वॉर्डात असेल, किंवा गेलं असेल. सगळ्यांदेखत विचारू नका. ताईला बाजूला घेऊन विचारा. घरी येऊन रडू आलं तर रडा, पण पुढच्या मंगळवारी जा. बाकीची मुलं पट मांडून बसलेली असतात.

7. बंदीतले पुरुष

आतापर्यंत सगळं बायकांच्या वाट्याला आल्यासारखं वाटलं असेल. आता पुरुषांचं काम. केमोने प्लेटलेटही घटतात. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात; मुलाच्या दहा हजारांच्या खाली गेल्या तर आपोआप रक्तस्राव होण्याची भीती असते आणि त्या बाहेरून द्याव्या लागतात. एकाच दात्याकडून यंत्राने प्लेटलेट काढून उरलेलं रक्त त्यालाच परत देता येतं. दीडेक तास लागतो. नेहमीच्या रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही. 48 तासांनी पुन्हा देता येतात. वय 18 च्या पुढे आणि साठच्या आत, वजन 50 किलोंच्या वर, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. बाकी तपासणी रक्तपेढीत होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला, आणि धडधाकट खलाशी घरी. प्लेटलेट द्यायला हाच काळ सोयीचा. पण सगळ्यांनी एकाच दिवशी मोठं शिबिर भरवून जाऊ नका. काढलेल्या प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, पन्नास पिशव्या एकदम आल्या तर त्यातल्या काही वाया जातात. दहा जणांची यादी करा, रक्तपेढीला फोन करून दिवस वाटून घ्या, आणि दोन महिने पाळीपाळीने जा.